मामेसासऱ्यांच्या पाठीच्या तीन वाटा

माझ्या मामेसासऱ्यांनी एकाच माणसाचं ऐकून आजवर काहीही केलेलं नाही. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान आहे. घरात पंखा घ्यायचा तरी ते सगळा बाजार फिरतात आणि पहिल्याच दुकानात परत येतात. मुलीसाठी स्थळ पाहताना त्यांनी मुलाच्या घरमालकाला, शेजाऱ्याला आणि न्हाव्यालाही गाठलं होतं. जावई चांगला निघाला, याचं श्रेय ते आजही न्हाव्याला देतात.

त्यामुळे कमरेचा एक मणका पुढे सरकलाय, डाव्या पायाची नस दबतेय आणि दोन मणके स्क्रू लावून जोडावे लागतील, हे कळल्यावर आम्ही हादरलो आणि मामा खुलले. तीन सर्जननी तीन वाटा सांगितल्या होत्या. पहिले पाठीतून जाणार होते: नस थेट मोकळी करता येते, पण पाठीचे स्नायू बाजूला ओढावे लागतात. दुसरे पोटातून: स्नायू शाबूत राहतात, पण वाटेत मोठ्या रक्तवाहिन्या. तिसरे कुशीतून: चीर लहान, पण मांडीच्या नसा तिथूनच जातात. मामांनी हा विषय दुकानात मांडला. कापडाची थानं एकावर एक रचून कणा उभा राहिला, मणक्यांमधल्या गाद्यांच्या जागी रुमालांच्या घड्या आल्या. "पोटातून पाठीले जातो म्हणते. म्हणजे इतवारीतून बाजूच्या गांधीबागेत याले पार सीताबर्डीचा चक्कर," असं ते गिऱ्हाइकांना समजावत. अस्तर घ्यायला आलेले उमरेडचे एक शिंपी मधलं थान कुशीकडून ओढून पाहत बसले आणि अस्तर न घेताच गेले. एका साखरपुड्याच्या पंगतीत तर मामा चक्क कुशीवर आडवे झाले आणि चीर कुठे येईल ते वाढप्याला दाखवायला लावलं. वाढप्याच्या हातात वरणाचा डाव होता. एका सर्जनना त्यांनी विचारलं, "साहेब, पाठ तुमची असती तर कोणत्या बाजूनं कापू देल्ली असती?" डॉक्टर विचारात पडले. बाहेर येऊन मामा समाधानानं म्हणाले, "पाहा, त्याईलेबी समजून नाही राहिलं."

"आता काहून थांबून राहिले तुम्ही?" मामी रोज विचारत. "तुलना चालू आहे न," मामा म्हणत.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांना दुकानातून घरी न्यायला गेलो. गाडी लांब लावली होती. वाटेत ते पोटाच्या वाटेबद्दल बोलत होते. मी सहज खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय अनवाणी होता. चप्पल बरीच मागे, रस्त्याच्या कडेला पडली होती. डांबर तापून मऊ झालं होतं, आणि मामा त्यावरून बोलत बोलत चालत आले होते. त्यांना गाडीत बसवून पाय वर घेतला, तेव्हा तळव्यावर फोड दिसले. मामा पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं पाहत होते. "जवाईबापू, कधी निघाली चप्पल?" त्यांनी हळूच विचारलं.

त्या संध्याकाळी मामींनी तुलना संपवली. "जो नस मोकळी करतो म्हणते, त्याच्याकडं चाला. पाठ तं पाठ." शस्त्रक्रिया पाठीतूनच झाली.

कंबर आता दुखत नाही. नस फार दिवस दबलेली होती. पायाची जाणीव किती परत येईल, ते वाट पाहूनच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी मामी त्यांना डोळे मिटायला लावतात आणि डाव्या पायाचं एक बोट दाबतात. परवा मी तिथे होतो.

"कोणतं?" मामींनी विचारलं.

मामांनी डोळे आणखी घट्ट मिटले. मग म्हणाले, "करंगळी."

"बरोबर," मामी म्हणाल्या. त्यांच्या चिमटीत अंगठा होता.