बाबांचं लंगडणं

"दोघं एकत्र चालून दाखवा ना. ओरिजिनल आणि कॉपी," हीरो म्हणाला आणि त्याने मोबाईल वर धरला.

मालाडचा सेट. भर दुपार. ओरिजिनल म्हणजे माझे बाबा, वय बहात्तर. भांडुपहून पहिल्यांदाच माझं शूटिंग बघायला आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. माझी पोरगी त्यांचं बोट धरून उभी.

कॉपी म्हणजे मी. माझं नाव तुम्हाला ठाऊक नसेल. पण डावा पाय फरफटवत, खांदा पाडून चहाचा ट्रे आणणारा नोकर म्हटलं की लगेच हसाल. ते लंगडणं बाबांचं. जन्मभर ते गटारं साफ करायला आत उतरले. एकदा झाकण पायावर पडलं, हाड वाकडंच जुळलं.

आम्हा नकला करणाऱ्यांना एक घाणेरडी सवय असते. आधी घरातलंच माणूस उचलायचं. पहिल्या ऑडिशनला माझी फाटली होती, काही सुचेना. म्हणून बाबांसारखा चाललो. समोरचे हसून हसून लोळले. झालं. तेव्हापासून प्रत्येक सिनेमात तेच. बाबा टीव्हीवर बघायचे, गप्प बसायचे. मला वाटायचं, त्यांना कळलं नाही. आणि हीरोला हे सगळं मीच सांगितलेलं. जेवताना, बढाई मारत.

"सर, राहू द्या ना, वयस्कर आहेत," मी म्हणालो. हसून म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण हसूनच.

बाबा माझ्या कानाशी आले. "दाखवतो रे. तुझं काम जायला नको."

आणि ते चालले. लाईटच्या स्टँडपर्यंत आणि परत. अख्खं युनिट हसत टाळ्या पिटत होतं.

"वन मोर, अंकल!"

बाबा निमूट वळले. पोरीने माझा शर्ट ओढला. "पप्पा, आजोबांना का हसतायत सगळे?"

मी जाऊन हीरोचा मोबाईल हाताने खाली केला. "बास."

दिग्दर्शक ओरडला, "ए, नाटकं नकोत. तुझा शॉट आहे."

"देतो शॉट. पण लंगडणार नाही."

"मग तुझ्यात आहे काय?"

बाबांना आणि पोरीला घेऊन निघालो. रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "खांदा तू जास्त पाडतोस. माझा एवढा पडत नाही."

सगळं कळत होतं त्यांना. पहिल्या सिनेमापासून.

पाच महिने कामाचा फोन नाही. बायको घाटकोपरला साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते, पाय सुजवून घरी येते. एकदा म्हणाली, "माफी मागून बघ ना रे." मला भीती वाटते. खूप वाटते. पोरीची शाळा सुटेल याची वाटते.

काल फोन आला. नोकराचाच रोल. "तेच लंगडणं पाहिजे, बाकी काही नको." बायको पोळी लाटायची थांबली. बाबा खाटेवर पाय लांब करून बसलेले, दुसरीकडे बघत.

"ते माझ्या बापाचं आहे," मी म्हणालो. "गटारात उतरून त्याला मिळालंय. मी चोरलं होतं. आता मिळणार नाही." फोन ठेवला.

बायको पुन्हा पोळी लाटायला लागली.

उद्या अंधेरीला ऑडिशनला जाणार आहे, माझ्या स्वतःच्या पायांनी. हाकलतील. परवा परत जाईन. दुसरं काही येत नसेल तर शिकेन, नाहीच आलं तर ओझी उचलेन. पण त्या पायावर आता कुणी हसणार नाही, आणि सगळ्यात आधी मी नाही.