कात्री सरांचं 'बरोबर'

कात्री सरांना माणसं रडवायला आवडतात, असं आमच्या ऑफिसात सर्रास बोललं जायचं. मला ते पटत नाही. रडणाऱ्याकडे त्यांचं लक्षच नसायचं; ते असायचं त्याच्या आकड्याकडे. बारामतीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कंट्रोल व्हॉल्व्ह बनतात. पाइपातून पाणी, वायू किंवा वाफ किती जाऊ द्यायची, हे असा व्हॉल्व्ह आपणहून कमीजास्त उघडून सांभाळतो. कुठे केवढा व्हॉल्व्ह लागेल याचं गणित करणारं एक टेबल होतं आणि सर त्या टेबलाचे प्रमुख होते.

कात्री हे नाव त्यांच्या पाठीमागे पडलेलं. गिऱ्हाईक वाफेचा आकडा देताना कमी पडायला नको म्हणून थोडा वाढवून देतं. त्याचा सल्लागार आपल्या अंगाशी यायला नको म्हणून त्यात भर घालतो. आमचा सेल्सवाला वरून चिमूटभर टाकतो. टेबलावर येईपर्यंत आकडा चांगला बाळसं धरतो. सर तो वाचून चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "भीती वजा कर, मग आकडा सांग." मग फोन फिरवून एकेकाची भर छाटत सुटायचे. फोनवर समोर कोण आहे याची भीडभाड त्यांना कधी नव्हती.

आम्हाला ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी डाळज. माझ्या शेजारी बसायची ती सणसर. गरीब स्वभावाची, हुशार मुलगी. एकदा तिने वायूचं गणित पाण्यासारखं केलं. दाब उतरला की वायू फुगतो, पाणी फुगत नाही, एवढी गोष्ट घाईत राहून गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सर खिशातून फुगा घेऊन आले. सगळ्यांसमोर गाल फुगवून तो फुगवला आणि तिच्या तोंडासमोर सोडून दिला. फुगा फरफरत खोलीभर फिरला आणि कुणाच्या तरी आमटीत पडला. "पानी असं करतंय का गं, सणसर?" त्यांनी शांतपणे विचारलं. खोली हसली. सणसरने डबा झाकला आणि पुढच्याच महिन्यात पुण्याची नोकरी धरली. मध्यंतरी तिचा फोन आला होता. त्या माणसाचं तोंड बघायची माझी इच्छा नाही, म्हणाली. वायूचं गणित मात्र त्यानंतर एकदाही चुकलं नाही, हेही तिनेच सांगितलं.

सर 'बरोबर' हा शब्द वापरत नसत. गणित चुकलं असेल तर कागद उताणा राहायचा आणि चुकलेल्या आकड्यावर त्यांचं नख. काय चुकलं ते सांगायचे नाहीत. आपल्याला सापडेपर्यंत नख हलायचं नाही. गणित जमलं असेल तर कागद पालथा घालायचे आणि चहा मागवायचे, तोही स्वतःपुरता. त्या पालथ्या कागदावर आम्ही दिवस काढले. मला त्यांच्या तोंडून एकदा तरी 'बरोबर' ऐकायचं होतं. बायको हसायची, पण पगारवाढीपेक्षा मला त्याची जास्त ओढ होती.

इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याला वाफेचा जुना व्हॉल्व्ह बदलून हवा होता. मी गणित केलं आणि हळूच थोडी भर घातली. सरांनी कागद बघितला आणि मला जीपमध्ये घातलं. ऐन गाळपाचे दिवस होते. त्यांनी मला त्या जुन्या व्हॉल्व्हसमोर उभं केलं. त्याचा दांडा सारखा खालीवर, खालीवर करत होता, अंगात ताप भरल्यासारखा.

"पाइप मोठा, म्हणून व्हॉल्व्ह मोठा घेतला," सर म्हणाले. "आता जरा उघडला की वाफ जास्त, जरा मिटला की कमी. जन्मभर फटीएवढाच उघडा ऱ्हानार ह्यो. दांडा मिटताना टेकतो ती आतली बैठक खाल्ली वाफेनं. भ्यालेल्या मानसाचं काम हाय हे. बघत बस."

आणि मला तिथेच सोडून जीप घेऊन निघून गेले. संध्याकाळपर्यंत मी तो दांडा बघत होतो, मग एसटीने परत आलो. मी भर काढून टाकली आणि पुढे माझ्या गणिताचा लहान व्हॉल्व्ह बसला. कारखान्याच्या इंजिनिअरने खूश होऊन फोन केला. मी लगोलग सरांसमोर जाऊन उभा राहिलो. "तक्रार न्हाय आली, एवढंच," ते म्हणाले आणि दुसरा कागद ओढला. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला.

निवृत्त झाल्यावर सर कऱ्हाटीला राहायला गेले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला. असं होतं म्हणे कधी कधी, काहीही बोलायला गेलं तरी तोच बाहेर पडतो. सरांचा तो शब्द होता 'बरोबर'.

मी भेटायला गेलो तेव्हा काकू त्यांना भात भरवत होत्या. "आळणी हाय का हो?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "बरोबर." काकू माझ्याकडे वळल्या. "जलमभर माझ्या सैपाकाला नावं ठेवली. आता बघा." मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मी तुमच्यापरीस हुशार, व्हय ना?" सर डोळे वटारून म्हणाले, "बरोबर." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. ते हसू बघून मला भीती वाटली आणि ते हसू खोटं आहे असंही म्हणवेना.

मी पिशवीतून माझं ताजं गणित काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. का नेलं होतं, ते मलाच ठाऊक. सरांनी ते सावकाश वाचलं. मान वर केली आणि म्हणाले, "बरोबर."

शब्द फुकटचा आहे हे कळत असूनही माझे डोळे भरून आले.

मी कागद पालथा व्हायची वाट बघत राहिलो. तो झाला नाही. सरांचा धड हात पुढे आला, कागदावरून सरकला आणि एका आकड्यावर नख टेकलं. "बरोबर," ते ओरडले. "बरोबर, बरोबर." तोंडातून लाळ गळत होती, मानेची शीर तटतटली होती. मी वाकून बघितलं. गिऱ्हाइकाने आधीच वाढवून दिलेल्या आकड्यात मी माझी भर घातली होती.

"किती कवतिक करत्यात बघा तुमचं," काकू म्हणाल्या.

सोमवारी ऑफिसात आल्याआल्या मी तो व्हॉल्व्ह एक साइज कमी केला. सर दिवाळीच्या आधी गेले. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे, उताणाच.