कुंकवाखालचा चेहरा

जुन्या पुस्तकांचं कपाट उघडलं, की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मला घोटावड्यातलं एक देवघर आठवतं. ऐंशी सालाच्या आसपास मी एका थोर चित्रकाराची उमेदवारीतली पुस्तकं जमवत होतो. थोर म्हणजे सत्काराच्या शाली ठेवायला घरात जागा नसलेला. तरुणपणी तो घोटावड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होता आणि त्याच्या पहिल्या बालपुस्तकातली विहिरीवरची मुलगी त्याने वर्गातल्याच एका मुलीवरून काढली होती. पुढं ती मुलगी तापात गेली. मी तिचं घर शोधत गेलो, तर तिच्या आईनं पुस्तकातलं ते पान कापून देवांशेजारी ठेवलेलं. देवांबरोबर रोज तिलाही हळदकुंकू लागे, त्यामुळं चेहऱ्याच्या जागी नुसता तांबडा डाग उरला होता. "फोटू कंदी काडलाच न्हाई तिचा," बाई म्हणाल्या. "आता ह्यात बी तोंड दिसंना. तुमच्याकडं पुस्तक हाय म्हनता, तर दावा की येकडाव." पुढच्या रविवारी मी माझी कोरी प्रत घेऊन गेलो, उपकारकर्त्याच्या रुबाबात. बाईंनी पान दारातल्या उजेडाला धरलं, बराच वेळ पाहिलं. "न्हाई दादा," त्या हळूच म्हणाल्या, "ही दुसऱ्या कुनाची तरी लेक हाय." मग देवघरातल्या डागावर बोट टेकवून म्हणाल्या, "माजी ही." मी पुस्तक पिशवीत घातलं. हल्ली जाणकार मंडळी घरी येतात आणि या चित्रात ती मुलगी कशी हुबेहूब उतरली आहे, ते मला समजावून सांगतात. मी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतो आणि चहाचं विचारतो.