सासऱ्यांची उमेदवारी

सदर गृहस्थ सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक असून परदेशात कायमचे वास्तव्यास आहेत. बांधा सडपातळ, दृष्टी चष्म्यासह चांगली, वर्तणूक निष्कलंक. विवाहित, पत्नी हयात. अपत्य एक, मुलगी. ती लग्न होऊन मायदेशी. स्वयंपाकघरातील अनुभव निरंक. चहा आपोआप तयार होतो, अशी सदर गृहस्थांची संपूर्ण सेवाकाळात प्रामाणिक समजूत होती.

हे गृहस्थ सपत्नीक लेकीकडे मुक्कामाला येणार म्हटल्यावर जावई धास्तावला. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. बायको इस्पितळात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे घरकामाची वाटणी फार पूर्वीच झालेली होती. स्वयंपाक, धुणं आणि मुलीचा अभ्यास त्याच्याकडे. बिलं, बाजार आणि शेजाऱ्यांशी भांडणं तिच्याकडे. वाटणी उत्तम चालली होती आणि या वाटणीबद्दल सासुरवाडीला अवाक्षर कळवलेलं नव्हतं.

"बाबांना झेपायचं नाही," बायको म्हणाली. "त्यांनी उभ्या जन्मात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही. जावई भांडी घासतो म्हटल्यावर घास उतरायचा नाही त्यांच्या घशाखाली. मुक्कामापुरतं मी बघते सगळं."

तेव्हा पाहुणे आल्या दिवसापासून जावई पेपर घेऊन कोचावर बसू लागला आणि बायको ड्यूटीवरून आल्या आल्या ओट्यापाशी उभी राहू लागली. नातीनं पहिल्याच जेवणाला घात केला.

"आजी, आईला मीठ कुठे असतं तेच माहीत नाही. बाबाला विचार."

जावयाला ठसका लागला. "लहान आहे," एवढंच सासरे म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले.

सासूबाई बोलक्या. "जावईबापू, तुमच्या लिफ्टमध्ये माणसं अडकतात का हो?" त्यांनी विचारलं. जावयानं हौसेनं एका जाड्या वकिलाची हकीकत सांगितली. चहा झाल्यावर त्यांनी तेच पुन्हा विचारलं. संध्याकाळी पुन्हा. बाईंना विषयाची गोडी दिसते, असं समजून जावई दर वेळी नवीन माणूस अडकवू लागला. आठवड्याभरात त्याच्याकडची अडकलेली माणसं संपली, प्रश्न मात्र संपला नाही.

एकदा त्यांनी रिकामं भांडं गॅसवर ठेवलं आणि बाहेर येऊन बसल्या. सासऱ्यांनी उठून गॅस बंद केला. "मीच ठेवलं होतं," ते कुणी न विचारता म्हणाले. त्यानंतर ते स्वयंपाकघराच्या दारात तासन्‌तास उभे राहून ओट्याकडे टक लावायला लागले. आपल्यावर पाळत आहे, अशी जावयाची खात्री पटली.

रविवारी बायको कामावर, नात शेजारी, सासूबाई आडव्या झालेल्या. संधी साधून जावयानं बाह्या सरसावल्या आणि तुंबलेली भांडी घासायला घेतली. मागे वळतो तर सासरे.

"नळ बघत होतो, बाबा. गळतोय जरा."

"नळ गळत नाही," सासरे म्हणाले. "आणि हा भांड्यांवरचा हात काही आजचा नाही."

आता उपदेश होणार म्हणून जावई खाली मान घालून उभा राहिला. सासऱ्यांनी साहेबाच्या टेबलासमोर करावा तसा घसा साफ केला.

"एक विनंती होती. भात कसा लावतात?"

जावयानं नळ बंद केला.

"ही विसरते हो," सासरे हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, घर बदलू नका. तिकडे आपल्या घरात तिचे पाय वाट ओळखतात. इथं रोज सकाळी मला विचारते, बाथरूम कुठे. म्हणजे परत जाणं आलं. आणि गेल्यावर ओट्यापाशी उभं कोण राहणार? मला अंडं उकडता येत नाही. लेकीकडून शिकून घ्यावं म्हणून आलो. तर ती उभ्या उभ्या डुलक्या घेते, तिला कुठल्या तोंडानं सांगू? आणि तुम्ही तर पेपर वाचता."

जावयानं हात पुसले.

"लेकीला मात्र बोलू नका. नोकरी सोडून मागे येईल ती."

"सांगायलाच हवं, बाबा. या घरात एक नाटक चालू आहे तेवढं पुष्कळ झालं."

संध्याकाळी बायको आली. बूट काढता काढता तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "आईनं मला जवळ घेतलं, पण नाव घेतलं नाही. बाबा कधी बोलतात याची वाट बघत होते." मग डोळे मिटून म्हणाली, "उद्यापासून ओटा तुझा. मला झोपू दे."

अशी सासऱ्यांची उमेदवारी सुरू झाली. पहिला भात खाली करपला, वर कच्चा राहिला. मधला खाण्याजोगा होता, तो नातीला मिळाला. पहिल्या धुण्यात लाल टॉवेलाच्या संगतीत त्यांचे सगळे पांढरे शर्ट गुलाबी झाले.

"मीठ किती?"

"चवीपुरतं."

"म्हणजे किती?"

"चवीपुरतं म्हणजे चवीपुरतं, बाबा."

"हा काय नियम झाला?" म्हणत ते पुन्हा चाखून बघत.

एका दुपारी सासरे बटाटे सोलत बसले होते. सासूबाई झोपून उठल्या, दारात थांबल्या आणि बराच वेळ त्यांचे हात निरखत राहिल्या.

"जावईबापू, हे कोण नवीन ठेवलेत? हात फार जड आहे त्यांचा. निम्मा बटाटा सालाबरोबर चाललाय."

सासऱ्यांची सुरी थांबली. मग त्यांनी बटाटा फिरवला आणि साल पातळ काढायला घेतलं.

"नवीनच आहे, बाई," ते म्हणाले. "सांभाळून घ्या."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "पण भांडीही घासा. नुसतं चिरून चालायचं नाही आमच्याकडे."

"घासतो."

त्या समाधानानं बाहेर गेल्या. सासऱ्यांनी चष्मा काढला, गुलाबी बाहीला पुसला आणि पुन्हा लावला. जावयानं उरलेले बटाटे पुढे ओढले; त्यांनी ते परत आपल्याकडे घेतले.

ठरल्या तारखेला दोघं परत गेली. लेक सोबत जाते म्हणाली, तेव्हा "गरज पडली तर बोलावीन" असं सासरे म्हणाले. अजून बोलावलेलं नाही.

कागदोपत्री ते आजही सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक आहेत. सकाळी सासूबाईंची वेणी घालतात. वाकडी येते.