मँडोलिनमधल्या खोडी

गिऱ्हाईक जनावराच्या खोडी काढायला लागलं की जनावरांचे सौदे करणारा हेडी मनातून खूश होतो. खूर फाटलाय, भोवरा वाईट जागी आहे, मागचा पाय ओढतो, असं जो बोलतो त्याला जनावर न्यायचं असतं. जो कासऱ्याला हात न लावता ‘चांगलंय जनावर’ म्हणतो, तो पुढं निघून जातो. ही अक्कल मला कोणी शिकवली नाही. चौथीतून शाळा सुटल्यावर ती बैलबाजारात धक्के खाऊन मिळवली आणि तिच्याच जोरावर तामलवाडीत दोन मजली घर बांधलं.

मुलीच्या लग्नात व्याह्यानं साहेबलोकांना माझी ओळख करून दिली, “हे जनावरांचे दलाल.” त्याच मांडवात चौघंजण गिटार, ढोलकी आणि मँडोलिन घेऊन बसले होते. गोंधळाची जुनी चाल त्यांनी अशी काही वाजवली की तेच साहेब खुर्च्या ओढून पुढं सरकले. व्याही मँडोलिनवाल्याला स्वतः पाणी देत होता. मला तसली वाजवणाऱ्याची खुर्ची पाहिजे होती, त्याच व्याह्यासमोर.

मँडोलिनवाला तिशीतला होता आणि तुळजापुरात शिकवणी घ्यायचा. त्याच्या ग्रुपला दुसरं मँडोलिन हवं होतं. नवरात्रातल्या कार्यक्रमाआधी शिष्यांतून एकाला घेणार, असं त्यानं जाहीर केलं होतं. मी नाव घातलं.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “काका, ओळखलं न्हाय व्हय? आमचा देवणी बैल नेलावता तुमी. भर बाजारात मागच्या पायाची खोड काढून भाव पाडला. आमचे दादा रडले. पायात काय बी नव्हतं.”

“नव्हतं म्हणून तर नेला, सर,” मी म्हणालो.

तो हसला, मीही हसलो. विषय मिटला असं मी धरलं.

मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतल्या दोन्ही तारा एका सुरात लागल्या नाहीत, तर कानात खडा गेल्यासारखं होतं. छेडलेला सूर लगेच मरतो. तो जिवंत ठेवायला हातातली पिक, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, तारेवर खालीवर, खालीवर, न थांबता फिरवावी लागते. रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारा माझा हात त्या कामाला ताठ पडायचा.

“काका, मनगट हाय का नांगराचं रुमणं?”

कॉलेजातल्या पोरी तोंड दाबून हसायच्या.

“तार छेडा, दात काय बघताय तिचे!”

एकदा डोकं फिरलं आणि मी पिक त्याच्या तोंडावर फेकली. “उचला,” एवढंच तो म्हणाला. मी उचलली. दुसरा कोणी असता तर त्याची गचांडी धरली असती. पण माझा हिशेब वेगळा होता. रोज गोठ्यात बसून सराव केला, बोटांची सालं निघाली, त्यांवर घट्टे आले. बायको म्हणायची, “एवढं बोलून घेता, लाज कशी वाटत न्हाय?” मी सांगायचो, “खोड काढतोय म्हणजे मला न्यायचंय त्याला. तुला बाजार कळत न्हाय.”

निवडीच्या दिवशी मी तीच गोंधळाची चाल वाजवली. एकही तार बेसूर गेली नाही. शेवटचा सूर मला पाहिजे तेवढा वेळ थरथरत राहिला. मान वर केली तर तो हाताची घडी घालून बसला होता. माझ्या मनगटाकडं त्यानं बघितलंही नव्हतं.

“चांगलं वाजवता, काका.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मँडोलिन मांडीवरून उतरवलं नाही.

“सर, मनगटाचं काय?”

“बरोबर हाय.”

“तिसरी जोडी उतरली असंल थोडी.”

“न्हाय उतरली.”

“कायतरी असंलच की, सर. सांगा.”

“काय बी न्हाय, काका. नसलेली खोड काढायला मी काय हेडी हाय?”

मग तो शेजारच्या पोरीकडं वळला. “तुझा अंगठा अजून वर येतोय. पिक सैल धरतीस. चाल मधीच पळतीय. पुन्हा वाजव.”

नवरात्रात त्या खुर्चीत ती बसली. व्याह्यानं तिला पाणी नेऊन दिलं आणि परत येताना मला म्हणाला, “तुमीबी शिकत होता म्हणं?”