गाठ नसलेला दोर

सकाळी बडनेऱ्याहून मनोहरभाऊंच्या शेजाऱ्यांचा फोन आला. "भाऊ गेले..." मी फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच घरातून प्रश्न आला, "झाडावरून पडले का?" मग तोच प्रश्न मी अमरावतीत ऐकला, अकोल्यात ऐकला, आणि स्मशानात लाकडं रचत असताना एका पाहुण्यानं तर दोर नेमका कुठे तुटला तेही सांगून टाकलं. भाऊ झाडावरून पडले नव्हते. घरच्या खुर्चीत, चहा झाल्यावर, मांडीवर दोर आणि हातात सुई असताना त्यांचं हृदय बंद पडलं. हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो. लोक मान हलवत आणि वर म्हणत, "तरी पण, या वयात झाडावर..." महिना उलटून गेला, माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर भाऊ पक्ष्यांच्या मागे लागले. मी मास्तरकी संपवून मोकळा होतो, आणि गुलाबराव भाजीच्या मळ्यातून सवड काढून आमच्यात येत. भाऊंनी एकदा मोबाइलवर पाहिलं, परदेशातले शिकारी खोडाला दोर बांधतात, कमरेला पट्ट्यांची झोळी अडकवतात आणि पाय खोडाला टेकवून तासन्‌तास झाडावर बसून राहतात. "ते हरणं मारून राहिले, आपण धनेश पाहू," भाऊ म्हणाले, आणि स्वतःच तशी झोळी शिवली. तिला ते खोगीर म्हणत. घोडा कुठे आहे, असं आम्ही विचारायचो. ते हसायचे नाहीत.

खरा जीव त्यांचा दोरावर. पोकळ विणीचा, करंगळीएवढा कृत्रिम धाग्याचा दोर ते मागवत. त्याचं टोक वळवून दोराच्याच पोटात लांबवर शिरवायचं, म्हणजे फासा तयार होतो. वजन पडलं की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळून धरते. दोर सैल असताना टोक निसटू नये म्हणून वरून टाके घालायचे. बार्शीटाकळीकडच्या गावी त्यांचे वडील बैलांसाठी अंबाडीची दावी वळत, पदरात पदर गुंफून फासा करत. ते बघून भाऊंची बोटं तयार झाली होती. पण आपल्याकडे गाठ दिसल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. बैल बांधा, पोतं बांधा, वर एक जास्तीची गाठ हवीच. गुलाबरावांनी एकदा खोगिरात बसायच्या आधी भाऊंच्या फाशाच्या वर चांगली आवळून गाठ मारली. भाऊंनी ती पाहिली आणि त्यांना शिडीवरून खाली उतरवलं.

"भाऊ, गाठीबिगर जीव मानत नाही," गुलाबराव म्हणाले.

"तुया जिवाले काय समजते? गाठ मारली का दोर तिथंच कमजोर होते. काहून मारली?"

एवढ्यावर थांबले नाहीत. गाठ पडली तिथली वीण दुखावली म्हणून तो अख्खा दोर त्यांनी कापून फेकला. महागाचा होता, नवा होता. पुढे कित्येक दिवस ते गुलाबरावांशी धड बोललेही नाहीत. एक धागा उसवलेला दिसला तरी दोर बाद, अशी त्यांची रीत. वर चढण्याआधी भिंग घेऊन वीतवीत दोर तपासायचे आणि आम्ही खाली ताटकळत उभे.

आणि याच माणसाच्या छातीत दुखत होतं. चिंचेवरून उतरताना ते मधेच थांबत, छातीवर हात ठेवत. "गॅस हाय," म्हणत. मी चिडलो, भांडलो, अमरावतीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवला. समोरच्या जुन्या कडुलिंबाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन पिल्लांवर बसली होती आणि भाऊंना चिंचेवरून ते सगळं पाहायचं होतं. "पिल्लं उडू दे. मंग नेजो मले कुठं न्यायचं तिथं." वहिनींनी जेवण टाकून पाहिलं, रडून पाहिलं. दोराचा एक धागा ज्याला खपत नव्हता, त्यानं स्वतःची छाती मात्र गॅसवर सोडून दिली. याचा राग मी कुणावर काढू?

तेरवीला दोर तुटल्याची गोष्ट पुन्हा रंगली. वहिनी आतून बाहेर आल्या. "दोर नाही तुटला," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्यांचा एक बी दोर कधी तुटला नाही. दवाखान्यात गेले नाही म्हणून गेले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झाडावरचं ते खोगीर आणून द्या मले. तिथं लटकलेलं नोको."

दुसऱ्या दिवशी गुलाबराव आणि मी गेलो. गुलाबराव शिडीनं वर चढले. सोडवून खाली टाकतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी खोगीर कमरेला लावलं. सवयीनं हात दोराकडे गेला, गाठीसाठी. मग तो मागे आला. त्यांनी पाय खोडाला टेकवले आणि अंग मागे सोडून दिलं. दोर आवळला, तसूभर हलला नाही. कितीतरी वेळ ते समोरच्या ढोलीकडे पाहत राहिले.

"मास्तर," ते वरून म्हणाले, "ढोल रिकामी हाय. पिल्लं उडाली."

मी खाली उभा होतो. चला मग आता दवाखान्यात, असं ओठांवर आलं होतं... कुणाला म्हणणार?

खोगीर वहिनींकडे आहे. मांडीवर सापडलेला दोर त्यांनी मला दिला. टोक आत शिरवलेलं आहे, टाके अर्धेच पडलेत, सुई तशीच अडकलेली आहे. माझ्या टेबलाशेजारच्या खुंटीवर तो असतो. पुढचे टाके कसे घालायचे, ते मला येत नाही, गुलाबरावांनाही नाही. हाताळला की टोक थोडं थोडं बाहेर सरकतं. ते पाहून वाटतं, एक गाठ मारून टाकावी.

मारत नाही.