उजव्या हाताला रजा

मीनलचा फोन आला तेव्हा मी कणीकच मळत होते. "मावशी, आई गेली... सकाळी, झोपेतच," एवढंच ती बोलली. पिठाचे हात तसेच घेऊन मी खुर्चीत बसले. त्याला आता काही आठवडे झाले, आणि मीनलची आई, माझी मैत्रीण शैला, आठवते ती तिच्या हातांसकट.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी इंग्लंडात लेस्टरला एकाच रस्त्यावर राहायला आलो. इथल्या एका हिवाळ्यात तिच्या तळहातांवर आणि तळपायांवर सोरायसिस उमटला. कातडी जाड होई, पापुद्रे निघत, भेगांतून रक्त येई. हा स्पर्शानं पसरणारा रोग नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगे. हात लपवणं तिला मान्यच नव्हतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मीनलला दिवस गेले. बाळाला तेल मीच लावणार, असं शैलानं जाहीर केलं. मीनल इथेच जन्मलेली, पोटात एक ओठात एक नाही. "आई, तुझे हात खूप रफ आहे. बेबीला स्क्रॅच होईल." शैलानं त्याच आठवड्यात स्किन क्लिनिकची वेळ घेतली.

स्किन क्लिनिकच्या डॉक्टरांनी दोन मलमं सुचवली: एक जुनं डांबराचं, दुसरं त्यामानानं नवं, व्हिटॅमिन डीच्या जातीचं. "दोन्ही द्या, एकेका बाजूला लावून बघते," ही म्हणाली, आणि डॉक्टर हसून कबूल झाले. उजव्या हातापायाला डांबर, डाव्याला नवं, रात्री वरून सुती मोजे. घरभर वास.

"रस्तादुरुस्ती घरी आणलीस का गं?" मी विचारायची.

"हस तू. बाळ यायच्या आत हात नीट करून दाखवते."

डावा तळवा खरंच मऊ पडू लागला, उजवा ढिम्म. नवं मलम जिंकलं म्हणून तिनं ते उजव्या हातालाही सुरू केलं. तरी ढिम्मच. एकदा माझ्याकडे जेवताना, आमटीभात कालवता कालवता ती थांबली. "अगं, कणीक हा मळतो, भात हा कालवतो, भांडी हाच घासतो. डावा नुसता बसून. ही कसली तुलना?" मग तिनं तळपाय नीट पाहिले. दोन्ही सारखेच चालणारे, आणि दोन्ही जवळजवळ सारखेच सुधारलेले. तिच्यापुरता तरी मलमांत फार फरक नव्हता.

त्या दिवसापासून उजव्याला रजा. जेवण चमच्यानं, कणीक डाव्या हातानं. मराठी मंडळातल्या कुणी डाव्या हाताच्या कणकेला नाक मुरडलं, तर "धुतलाय," एवढंच सांगे. उजवा सुधारू लागला, पण तो पुरता बरा व्हायच्या आधीच तारा जन्मली. शैलानं दोन्ही तळवे लेकीपुढे धरले. मीनलनं डावा आपल्या गालावरून फिरवला. "ओके, हा चालेल." नातीला पहिलं तेल आजीनं एका हातानं लावलं.

उजवाही पुढे बरा झाला. दुखणं अधूनमधून उलटायचं, ती पुन्हा मोजे चढवायची. कणकेला मात्र तिनं उजवा हात परत लावला नाही. तिच्या चिकाटीचा मला हेवा वाटायचा. आता नुसती शैला हवी आहे.

गेल्या रविवारी मीनलकडे गेले. तारा स्टुलावर उभी राहून कणीक मळत होती, डाव्या हातानं.

"लेफ्टी आहे का गं ही?"

"नाही, मावशी. लिहिते, खाते, सगळं उजव्यानं."

तारानं परातीतून मान वर केली नाही. "कणीक लेफ्टनंच करतात," ती म्हणाली. "आजी तसंच करते."